पानाला दोन रुपये

कसबा बावडा रोडला, कोर्टाच्या फाटकासमोर
आठ बाय दहाचं माझं झेरॉक्सचं दुकान.
कायदा मला कळत नाही, कागद कळतो.
दोषारोपपत्र हातात घेतलं की
जामिनाला किती वर्षं लागतील
ते मी वजनावरून सांगतो, वकिलाच्या आधी.

इलियास शिकलगारचं अकराशे चाळीस पानांचं होतं.
लक्ष्मीपुरीत मोबाइल दुरुस्त करायचा.
जप्तीच्या यादीत सोल्डरिंग गन,
वायरची भेंडोळी, सुट्या बॅटऱ्या एकोणीस,
आणि उर्दूत लिहिलेली एक संशयास्पद वही:
गिऱ्हाइकांची उधारी.
त्याची आई रुकय्या पदराची गाठ सोडून
चुरगळलेल्या नोटा पुढं करायची.
मी पैसे मोजून घेतले.
दोनदा मोजले.
ती वळल्यावर चहावाल्याला डोळ्यानं खुणावलं,
तीच ती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर
संग्राम वडणगेकरचं आलं.
उसाच्या फडातल्या खोपीत जिलेटिनच्या कांड्या,
एक नकाशा, त्यावर तीन लाल फुल्या.
कायदा तोच. कलमं तीच,
आकडेसुद्धा त्याच क्रमानं.
मशीनमधून बाहेर पडताना
दोन्हींचा कागद सारखाच गरम होता.

मग वर्तमानपत्रं आली.
एकाला अतिरेकी म्हटलं, पहिल्या सकाळपासून.
दुसरा भरकटलेला तरुण,
चांगल्या घरातला,
पुढं पुढं तर नुसता संग्रामदादा.
मंत्री म्हणाले, कायदा आपलं काम करेल.
दोघांबद्दल हेच म्हणाले, शब्दाला शब्द,
फक्त एकदा बोट उगारून
आणि एकदा खांदे उडवून.
इलियासच्या तारखेला सरकारी वकील ताठ उभे.
संग्रामच्या तारखेला त्यांचा घसा बसायचा.
मंजुरीची फाइल मुंबईहून निघायची,
कऱ्हाडच्या आसपास कुठं तरी
तिच्यात चूक सापडायची,
आणि ती परत.

जामिनाच्या दिवशी पोरं आली.
आदेशाच्या पन्नास प्रती हव्या होत्या, वाटायला.
फाटकात हार, हलगीनं कान बसलेले.
"किती झाले काका?"
मी म्हटलं, "राहू दे रे, घरचंच कार्य."

घरचंच.
हा शब्द कुठल्या सरकारनं
माझ्या तोंडात घातला नव्हता.

इलियास नऊ वर्षांनी सुटला. निर्दोष.
बातमी आतल्या पानावर,
गुळाच्या सौद्याच्या भावाखाली चार ओळी.
महिन्याभरानं त्याची पोरगी आली, तहसीन.
बाप कळंब्याला गेला तेव्हा रांगत होती म्हणे.
"शेवटचं पान फक्त. आणि लॅमिनेशन करा."
"कशाला गं?"
"अब्बांच्या खिशात ठेवायला.
गणपती जवळ आलेत,
पोलीस परत बोलवायला लागलेत."
मग जरा थांबून,
"पुरात भिजलं तर चालतंय न्हवं?
सुतारवाड्यात पाणी पहिल्यांदा आमच्यातच शिरतंय."

कोपऱ्यावर महापालिकेच्या निवडणुकीचा
वीस फुटी फलक वाऱ्यानं फुगत होता.
त्यावर हात जोडलेला तो.
मी प्लॅस्टिकच्या कडा अंगठ्यानं दाबत राहिलो,
बुडबुडा राहू नये म्हणून,
गरजेपेक्षा जास्त वेळ.
तिनं मूठ उघडली.
मी म्हटलं, "राहू दे, बाळ."

"नको," ती म्हणाली,
"आजीनं सांगितलंय,
त्या काकांकडं उधारी ठेवायची नाही."

आणि वीसची नोट काचेवर ठेवली,
तळव्यानं सरळ करून.